टर्फवरचा गुलाल

नाव हौसा. माहेर नेसरीचं, गडहिंग्लज तालुका, तितनं कर्नाटक काय लांब न्हाय, म्हणून आमच्यात थोरल्या भनीला अक्का म्हणायचं, आन् मी पाच भावंडांत थोरली, तवा समजाय लागल्यापास्नं मी अक्काच. हितल्या हॉकीच्या पोरी बी अक्काच म्हणत्यात. आन् ताई, आमच्याकडं बाया बी आलो, गेलो असंच बोलत्यात, पुन्याची मानसं हसत्यात, हसू देत, तुमी लिवताना तसंच ठेवा. सातवीपातुर शिकलो, मग शाळा बंद, लगीन, आन् कोल्हापूर. मालक हॉकीच्या ग्राऊंडवर माळी हुते. तवा गवताचं ग्राऊंड हुतं, गवत कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, ही त्यांची कामं. रेघ अशी सरळ मारायचे की दोरी लावायची गरज न्हाय. लई शांत मानूस, माझ्यासारखा तोंडाळ न्हवता. मूलबाळ आमाला झालं न्हाय, त्याचं आता काय नव्यानं सांगू तुमाला.

पुढं गवत काढलं आन् टर्फ टाकलं. टर्फ म्हंजे गालिचाच की, प्लास्टिकच्या बारीक केसांचा, खाली रबर, सगळा हिरवागार. मालकांना वाटलं आता माळ्याचं काय काम, आता आपल्याला काढत्यात, पर त्याला बी मानूस लागतंयच, कारण हॉकीच्या टर्फला खेळायच्या आदी पानी पाजाय लागतंय. कोरडं असलं तर पोरगी पडली की गुडघ्याचं कातडं सोलून निघतंय, बॉल बी उड्या मारतोय. कडेनं मोठे फवारे हाईत, त्यांची चावी फिरवली की दहा मिन्टात सगळं भिजतंय. मालक गेल्यावर ते काम मला दिलं, कंत्राटावर, आन् ऱ्हायला म्याच बघायच्या स्टँडच्या मागं ही खोली. बारा वर्सं झाली. अजून दोन वर्सं काढली की साठ पुरी, मग घरी जावा म्हणतील, आन् घर म्हंजे कुटलं ते मलाच ठाऊक न्हाय. नेसरीत भाऊ हाय, पर भावाच्या दारात म्हातारपन काढायचं म्हंजे रोज उठून भावजयीचं तोंड बघायचं.

कोल्हापूर फुटबॉलचं, हे तुमाला सांगाय नको. पेठंतल्या तालमींची म्याच असली की मुंगीला पाय ठेवायला जागा न्हाय, आन् जिंकली की गुलाल, हलगी, गल्लीत मानूस मानसाला वळकंना. त्यात बाया कुटं, गॅलरीत. वरनं बघायचं, लई झालं तर घागरीनं पानी ओतायचं पोरांच्या अंगावर. आन् हॉकी म्हणलं की लोक म्हणायचे, ती काठी घिऊन वाकून फिरत्यात तीच न्हवं. पोरींच्या म्याचला तर आईबाप सुदीक येत न्हवते. मी आन् भटकं कुत्रं, दोगंच बघनारी. हे मी चेष्टेनं सांगत न्हाय, खरंच असंच हुतं, कितीतरी वर्सं.

हितल्या होस्टेलच्या पोरींत एक सायली. गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीतली, सतरा वर्साची, गोलकीपर हाय. बाप दोन म्हशींचं दूध डेअरीला घालतोय. चार वर्सांमागं बाप तिला होस्टेलवर सोडायला आलता, आन् ही पोरगी माझ्या खोलीच्या दारात उभी ऱ्हाऊन रडत हुती, मी भाकरी थापत हुतो, म्हणलं ये, बस, आदी खा, मग रड. तवापास्नं ती माझीच झाली. बोलाय कमी, पर गोलात उभी ऱ्हायली की असं वरडती की स्टँडवरची कबुतरं उडत्यात. हॉकी शिकवनारे सर म्हणत्यात, ही पोरगी राज्याच्या टीमात जानार, आन् अठराच्या आतल्यांच्या ट्रायल परवाच हाईत, हितंच, कोल्हापुरात.

आता फायनलचं सांगतो. भारताच्या बायकांची फायनल हुती, रविवारी दुपारी चारला सुरू झाली. सर एका लग्नाला बिद्रीला गेलते. पोरी म्हणल्या अक्का, तुज्या खोलीत बघतो, मग काय, चौदा पोरी ह्या एवढ्याशा खोलीत, एकीचा मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला, मी मागं पिंपावर बसलेलो. आपल्यावर एक गोल आदीच बसलेला, फिटता फिटंना. येळ संपत आली, मी तर उठून चहाचं आधन ठेवलं, म्हणलं गेली ही म्याच. आन् शेवटच्या मिन्टाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, आन् गोल! चहा उतू गेला, कुनाला पत्ता न्हाय. मग ते शूटआऊट, म्हंजे एक पोरगी बॉल घिऊन येनार, गोलात एकटी गोलकीपर, आन् हातात आठ सेकंद. सायली बसलीच न्हाय, दाराची चौकट धरून उभी, आन् तिकडं त्या गोलकीपरनं डावीकडं उडी मारली की ही बी डावीकडं, ती उजवीकडं की ही उजवीकडं. शेवटचा बॉल आपल्या गोलकीपरनं पायानं अडवला, आन् ताई, त्या खोलीत जो कालवा झाला, मी सांगू शकत न्हाय. मी रडाय लागलो. साठीला टेकलेली बाई, त्या मोबाईलकडं बघून हुंदके देत हुतो. मालक असते तर, असं झालं मला.

पोरी म्हणल्या, अक्का, गेट उघड, टर्फवर जातो. आता न्येम असा हाय की सरांनी न्हायतर हापिसानं सांगितल्याबिगर गेट उघडायचं न्हाय. बारा वर्सांत एकदा न्येम मोडला न्हाय मी. पर त्या दिवशी मला वाटलं, जल्मभर पोरांचा गुलाल बघितला, पोरींच्या नावाचा गुलाल एकदा तरी बघू की. गनपतीतली गुलालाची पुडी फळीवर ऱ्हायलेली, ती काढली, पयला सायलीच्या कपाळाला लावला, आन् कुलूप काढलं. पोरी अनवानी पळत सुटल्या, कोन कोलांट्या मारतंय, कोन लोळतंय. तितपातुर सगळं ग्वाड हुतं.

तेवढ्यात रस्त्यानं पेठंतली पोरं निघालेली, मोटारसायकलीवर, झेंडे घिऊन, हलगीवाला मागं बसलेला. पोरी नाचताना दिसल्या तशी थांबली. एक जन म्हणला, मावशी, आमाला बी घ्या की आत, भारत काय एकट्या पोरींचा हाय का. आन् ताई, मी गेट लावू शकत हुतो. माझ्या हातात हुतं. पर मला असं वाटलं, पयल्यांदा, पयल्यांदा कोनतरी हॉकीसाठी हितं आलंय, तेबी पोरींच्या हॉकीसाठी, आन् मी त्यास्नी दारातनं परत लावू? या म्हणालो मी. माझ्या तोंडानं म्हणालो, या.

वीसजन आली, मोबाईलवर फिरलं, आन् धा मिन्टात दोनशे झाली. चपला, बूट, मोटारसायकली सुदीक टर्फवर. गुलालाची पोती आली. सगळी म्हणत हुती नाद खुळा, काटा किर्र, आन् पोरींना खांद्यावर घ्या म्हणत हुती, पोरी आदी हसल्या, मग भ्यायल्या, कडंला झाल्या. आन् कुनीतरी फटाक्यांची लांब माळ आनली, आन् पसरली कुटं, तर गोलाच्या तोंडाशी. सायली पळाली. हितं नको, हितं नको म्हणून वरडत हुती. जिच्या आवाजानं कबुतरं उडत्यात, तिचा आवाज त्या हलगीत कुनाला ऐकू गेला न्हाय. माळ पेटली. प्लास्टिक जळल्याचा घान वास सुटला, टर्फ वितळून काळं पडाय लागलं.

मला दुसरं काय सुचलंच न्हाय, मी पळत गेलो आन् फवारे सोडले. विझावं म्हणून सोडले, ताई. आन् लोकांना काय वाटलं असंल? त्यास्नी वाटलं अक्कानं आपल्याला नाचाय पानी सोडलं! ज्यादाच नाचाय लागली. मला टाळ्या दिल्या, मावशी एकच नंबर म्हणाली. गुलाल पान्यात कालवला, लाल चिक्कूल झाला, आन् त्यो दोनशे मानसांनी बुटांनी टर्फात तुडवला. टाकी संपंस्तोवर नाचली, मग घरला गेली. वाईट मानसं न्हवती ती, हेच तर अवघड हाय. जाताना एक जन माझ्या पाया पडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापिसातले सायब आले, सर आले. गोलापुढं चार हात जागा जळून गेलेली, बाकी सगळं ग्राऊंड तांबडं. सायबांनी इचारलं, कुलूप कुनी काढलं? पोरी वळीनं उभ्या. मी हातात खराटा घिऊन. लोक म्हणत्यात हौसाच्या तोंडात तीळ भिजत न्हाय, आन् त्या दिवशी मी खराट्याच्या काड्या मोजत ऱ्हायलो. भ्यालो, दुसरं काय. ही खोली डोळ्यापुढं आली. आन् सायली पुढं झाली, म्हणली, सायब, अक्का तापाची गोळी घिऊन झोपलीती, किल्ली म्या काढून घेतली, पोरांना बी म्याच आत घेतलं. कुनी तिला शिकवलं न्हवतं. माझ्याकडं बघितलं सुदीक न्हाय तिनं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणत्यात, हितं तर संन्याशी आपल्या पायानं सुळीवर चढला आन् चोर खराटा धरून बघत उभा ऱ्हायला.

तिला होस्टेलवरनं काढलं. ट्रायलच्या यादीतनं बी नाव काढलं, म्हणले बेशिस्त पोरगी हाय. सरांनी लई सांगितलं, सायबांनी ऐकलं न्हाय. बाप तिला न्यायला आला. गोलकीपरचे पायाचे प्याड खताच्या पोत्यात भरले, पोतं खांद्यावर घेतलं, आन् माझ्याजवळ यिऊन म्हणला, अक्का, तुमी हुता म्हणून पोरगी हितं ठिवलीती, तुमी तरी काय करनार, झोप लागली तर. मी मान हालवली. मान हालवली मी, ताई! मग ती दोगं यष्टी स्टँडकडं चालत गेली.

पंधरा दीस झाले. रोज गुडघ्यावर बसून ब्रशनं टर्फ घासतो. गुलाल थोडा निघतोय, जळल्यालं तसंच हाय. घास गोड लागत न्हाय, डोळा लागत न्हाय. बाकीच्या पोरींना खरं ठाऊक हाय, पर त्या सायलीला शब्द देऊन बसल्यात, आन् माझ्या खोलीत आता कोन येत न्हाय. येताजाता बघत्यात नुसत्या. मला वाटतं त्यांनी शिव्या द्याव्यात, त्या बी देत न्हाईत.

परवा डेअरीतल्या फोनवरनं तिचा फोन आलता. अक्का, टर्फ कसं हाय, म्हणली. म्हशीच्या गोठ्याच्या भितीवर बॉल मारून प्र्याक्टिस करतो म्हणली. मी म्हणलं, का केलंस गं बाई असं? तर म्हणती कशी, अक्का, तुजी दोनच वर्सं ऱ्हायल्यात, तू कुटं जानार? माझं काय, मी पुढल्या वर्षी देतो की ट्रायल. मी फोन ठेवला आन् सरांकडं गेलो, इचारलं, पुढल्या वर्षी देती यील का तिला? सर म्हणले, न्हाय अक्का, येत्या मार्चात ती अठरा पुरी करती, हे तिचं शेवटचं साल. तिला ठाऊक हाय म्हणले. पयल्यापास्नं ठाऊक हाय.

तवा ताई, तुमी माझी कहानी लिवाय आला, बाईचं आयुष्य कसं गेलं म्हणून इचारलंत, तर माझं आयुष्य हे असं हाय, एवढंच. पंधरा दीस मी रोज ठरवतो, आज सायबाला सांगतो, आन् हापिसाच्या पायरीवरनं परत येतो. तोंडानं सांगाय गेलो की भ्यातो मी, हे आता मला कळलंय. म्हणून ही वही जरा बाजूला ठेवा. एक कोरा कागूद घ्या, मी लिवाय बसलो की फाडून टाकतो. त्यावर लिवा, सायब, कुलूप मी काढलं. पोरांना या मीच म्हणालो. गुलाल मी आनला, पानी मी सोडलं. सायली टर्फ जळू ने म्हणून पळालीती. त्या पोरीचं नाव यादीत परत घाला. मला काढायचं तर काढा, खोली रिकामी करून देतो, नेसरीला भाऊ हाय. भाऊ हाय एवढंच लिवा, भावजयीचं नको. लिवलं? सही तेवढी मी करतो. देवानं तिला लांब हात दिल्यात, त्या हातांना बॉल अडवाय मिळू देत, एवढंच मागनं हाय. तुमी संगट चला माझ्या, म्हंजे पायरीवरनं परत फिरनार न्हाय मी. आन् जरा भरभर चला, साडेपाचला हापीस बंद हुतंय, आन् वाडीची शेवटची यष्टी सहाला हाय, तिच्या डायवरकडं बापाला निरोप द्यायचाय, परवाच्या ट्रायलला पोरीला घिऊन या म्हणून.