घुमणारे टायर

शेवटी काकूंना झोप लागली. पण ते अजून घडलेलंच नाही, असं धरून चालू. टायरच्या दुकानातल्या बाकावर त्या टक्क जाग्या बसल्या होत्या. शेजारी स्कूटरचं पंक्चर निघायची वाट बघणारा एक कारकून, छताकडे बघत, सगळं ऐकत होता.

"पिकअपला ऑल-टेरेन टायर हवेत," काका म्हणाले.

"हे घ्या," दुकानदार म्हणाला. "चिखल, खडी, डांबर, कुठेही चालतील. आणि आवाज अजिबात नाही!"

"मग काय डोंबल उपयोग? जुने कसे घुमायचे! दुपारी खडीवरून एक चक्कर मारली की ही गाढ झोपायची."

"ते झिजून गुळगुळीत झाले आणि माझी झोपच उडाली हो. महिनाभर डोळ्याला डोळा नाही."

"काकू, डॉक्टरांना दाखवा."

"दाखवलं. त्यांना टायरमधलं काही कळत नाही."

"मग हे जाड नक्षीचे बघा. पण फार घूं घूं करतात. लोक परत आणून देतात."

"मशीनवर फिरवा बघू," काका म्हणाले.

दुकानदाराने टायर बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून फिरवला, तशी दुकानभर घूं घूं सुरू झाली.

"अहो, नदीवरून चाललोय आपण... पूल नसलेल्या..."

"कुठल्या नदीवरून गं?"

काकूंचं डोकं कारकुनाच्या खांद्यावर टेकलं होतं.

"असेच चार द्या," काका कुजबुजले. "पण मशीन बंद करू नका."

"साहेब, तुमची स्कूटर झाली."

कारकून हलला नाही. मोकळ्या हाताने त्याने ऑफिसला मेसेज लिहिला: "महोदय, अर्जदाराच्या खांद्यावर एक अनोळखी काकू झोपल्या आहेत. तरी त्या आपणहून जाग्या होईपर्यंत भरपगारी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."