पुलाच्या मध्यापर्यंत

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, साहेब, ती डुगडुगते — ह्या इथे बसा. हां, तर आलेखाचं म्हणत होतात. उतरलाय ना? एका वर्षात निम्म्यावर कसा, असं विचाराल — विचारणारच, तपासायलाच पाठवलंय तुम्हाला. अख्ख्या शहराचा कार्बन मीच मोजते — घरातली वीज, गाड्या, कचरा, कारखाने, सगळं. कित्येक वर्षं रेघ जागची हलत नव्हती. दिवे बदलले, झाडं लावली, सायकली वाटल्या — लोकांनी त्या गच्चीवर नेऊन ठेवल्या — रेघ आपली ढिम्म. आणि गेल्या वर्षी धाडकन खाली. सिमेंटचा कारखाना गेला ना. गेला म्हणजे — बंद नाही हो पडला, नदीपलीकडे गेला. आमची हद्द पुलाच्या मध्यापर्यंत. पुढचं आम्ही मोजत नाही, नियमच आहे तसा, आणि पलीकडे मोजायला कुणी नाहीच. माझा धाकटा भाऊ तिथे भट्टीवर आहे, स्कूटरवरून जातो — त्याचं पेट्रोलसुद्धा मी अर्ध्या पुलापर्यंतच धरते. हसा हसा, मीही हसले होते. भट्टी तीच, कोळसा तोच, उलट थोडा जास्तच.

मी मोठ्या साहेबांना म्हटलं, खाली एक ओळ तरी लिहू या. तर म्हणाले, बाई, शहराचा सन्मान होतोय, मिठाचा खडा कशाला टाकता? बरोबरच आहे त्यांचं — नाही, बरोबर कसलं. पण मी गप्प बसले, त्याला कारण होतं — जाऊ द्या. चहा घेणार?

कारण म्हणजे माझी मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नकोच म्हणायची. जावई बिचारा काही बोलत नाही. तिचं एकच — आई, तूच सांगतेस ना, काही कमी होत नाहीये, मग कुठल्या तोंडाने बाळ आणू ह्या तापलेल्या जगात? सांगायचे हो मीच, जेवताना, दुसरं काय होतं माझ्याकडे बोलायला? आणि आलेख पेपरात आला त्या संध्याकाळी तिचा फोन. "आई, निम्म्यावर आलं? खरंय?" इतकं खूश मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी हो म्हटलं. आता पाचवा महिना आहे तिला.

हे तुम्हाला सांगायला नको होतं मी. पेन का ठेवलंत खाली? सही करा ना — नियमात बसतंय सगळं, पुलापर्यंतचा एकेक आकडा खरा आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर तेही पेपरात येईल, आणि ती सगळं वाचते. तुमच्या शेऱ्याने भट्टी विझणार आहे का? नाही विझणार, मला माहितीये, इतकी वर्षं मोजतेय मी. मग तिलाच कशाला —

थांबा, तिचाच फोन. बोल गं. हो, आलेत, समोरच बसलेत. छे, काही चूक नाही सापडली. चांगलं काम आहे म्हणाले. हो गं, खरंच. पायाला सूज असेल तर खाली उशी घे. ठेवते.

जा तुम्ही आता, साहेब. लिहायचं ते लिहा. आणि दार ओढून घ्या.