पान्याचा रकाना

—तापमान ठेवा, खारटपना ठेवा, गाळ बी ठेवा, पन पान्याच्या उंचीवर काट नको मारू बाय. बस ना या पायरीवर, करावेच्या जेटीवर खुर्ची कुठून आनू? काय म्हनलीस — हवामान बदलतंय ते बघायला कुठली मापं लागतात नि कुठली फुकट, ते ठरवायचंय? नि हाच रकाना फुकट? का? पहिली सहा वर्सं आकडे एकदम सरळ, नि मंग अचानक वीतभर वर — पानी मोजायची काठी खचली, नायतर म्हातारा चुकला, असं तुज्या साहेबांनी लिवलं? काठी नाय खचली. मीच रोवलीय, खाली खडक हाय.

म्हातारा चुकला, ते खरं. पन कवा चुकला ते इचार ना! आता नाय. आधी — हां, आधी. ती सहा वर्सं मी काठी बघितलीच नाय. कशाला बघू? आमाला तिथी ठाव. तिथीची पाऊनपट केली का भरतीचा टाईम — चतुर्थी, तीन वाजता; अष्टमी, सहा वाजता. नि पानी कुठवर? पुनवेला उधान, अष्टमीला भांग, भांगाचं पानी सुस्त, तिवरांच्या आत शिरत नाय — बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. मंग चिखल तुडवत रोज कोन उतरंल? घरातच कॅलेंडर बघायचो, चहा पिता पिता आकडा लिवायचो. तुमचा मानूस यायचा, बोलायचा, हिरामनदादा, एक दिवस चुकत नाय तुमचा! मी बी फुगायचो.

हसतेस? — नाय? बरं.

गोजरा, माजी बायको. त्या दिवशी अष्टमी. चिंबोऱ्या धरायला निघाली, टोपली घेतली, नि दारातून इचारती — पानी कसं हाय ओ आज? रोज इचारायची. मी पानी मोजनारा ना! नि मी वहीतनं मान वर नाय केली. बोललो, भांग हाय, जा बिनघोर, सांजपर्यंत बस तिवरांत. लांब दर्यात वादळ व्हतं, इथं पान हलत नव्हतं, मना काय कळनार? — कळलं असतं. दुपारच्या ओहोटीला पानी उतरलंच नव्हतं. काठी घरापासनं पन्नास पावलांवर, बाय. पन्नास. एकदा डोकावलो असतो तरी हाक मारून बोलावली असती तिला. सांजला तिवरांच्या आत कमरेच्या वर पानी, नि खाली चिखल, पाय निघत नाय. टोपली तवाच गावली. ती दुसऱ्या दिवशी, मुळांत लुगडं अडकलेलं.

तवापासनं दिसातून दोनदा उतरतो, गुडघे गेले तरी. ते वीतभर वर हाय ना, तेच खरं पानी. मागलं समदं खोटं. मागली सहा वर्सं खोडून टाक, खोटारडा म्हनून माजं नाव लिव तिथं, मी अंगठा देतो, सही देतो. पन रकाना ठेव. उद्या कोनाची तरी बायको दारातून इचारंल ना, पानी कसं हाय आज? सांगनाऱ्याजवळ खरा आकडा नको?

काय शोधतेस? तारीख? — नको. त्या अष्टमीचं पान नको उघडू. बाय, नको बोललो ना — मिटव. मिटव ती वही. जा तू आता.