डाव्या हाताची कडी

भंगाराच्या दुकानात शिक्षिकाबाई रद्दी घेऊन उभ्या होत्या. शाळा भरायला दहा मिनिटं उरली होती आणि पुढचं म्हातारं जोडपं काही हलेना.

"खुराड्याच्या छपराला हा फ्लेक्स घेऊ. थेंब गळायचा नाही," आजोबा म्हणाले.

"आणि त्यावरचा पुढारी? खुराड्यात बघून हसला तर कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतील."

"त्याचं तोंड वर ठेवू. भिजू दे पावसात."

"मुंगूस तर परवा खालून उकरून आलं होतं."

"फ्रिजच्या या जाळ्या हातभर खोल पुरतो. मग बसू दे उकरत."

"दाराला ही जाड कडी घ्या. मुंगसाच्या बापालाही उघडणार नाही."

"तुलाही नाही उघडणार."

"मला कशाला उघडायला हवी? तुम्ही आहात की."

"कोंबड्या तुझ्या आणि दार मी उघडू?"

"अहो, उजवा हात अजून वळत नाही माझा. माहीत आहे ना?"

"म्हणून तर सगळं भंगार उपसलं. ही दुसरी कडी बघ. आधी उचलायची, मग सरकवायची. मुंगसाला दोन्ही जमायचं नाही. डाव्या हाताने कर."

"नाही जमत."

"अंगठा खाली घाल."

खट्.

"अगंबाई! उघडली."

"आता लाव."

खट्.

"आजोबा, आटपा," भंगारवाला म्हणाला. "बाई खोळंबल्यात."

"छे, छे," शिक्षिकाबाईंनी रद्दी खाली ठेवली. "मला कुठे घाई आहे? आजी, पुन्हा एकदा उघडा बघू."