भिंतीवरची बी.कॉम.

बाबांचा विषय निघालाय, तर हे ऐकाच. त्यांची एकच अट होती, "आधी डिग्री आण, मग खुशाल नाटकं कर." मीही एकही केटी न लागता बी.कॉम. उरकलं आणि सर्टिफिकेट त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते फ्रेम करून डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये लावलं.

पुढे ठाण्यात आमचा पहिला प्रयोग होता. सेटवरची कारकुनाच्या घराची भिंत फारच रिकामी दिसत होती, म्हणून मी गुपचूप तीच फ्रेम उचलून नेलेली. पडदा उघडला, तर बाबा पहिल्या रांगेत!

प्रयोग संपल्यावर ते तडक स्टेजवर आले. मी शिव्या खायच्या तयारीत उभा. फ्रेम सरळ करत म्हणाले, "तिरकी लागलेली रे. उद्या कल्याणला नीट लाव."