बॅनरवरचं लिंबूटिंबू

कस्तुराबाई : आन् ही कोन म्हनायची?

शांतलिंग : असं काय करता अक्का, हर्षालीच की. तुमचीच पोरगी.

कस्तुराबाई : मी जलम दिलाय, तोंड वळखते. अंगावरचा शर्ट कुनाचा हाय ते इचारते. माझी पोरगी लाल घालून खेळती. तू तिला निळी केलीस.

शांतलिंग : म्या न्हाय, तुमच्या थोरल्या दिरांनी, आण्णासाहेबांनी करायला लावली. सकाळीच फोन आला. बाकीच्या पोरी निळ्यात आन् आमची एकटी लाल, बरं दिसत न्हाय, रंग मारून टाक म्हनले. म्हनलं, मारतो. या उमरग्यात बॅनर छापताना म्या कुनाला गोरं केलंय, कुनाला केस लावलेत, एकाचं तर पोट कापून दिलंय. त्यापुढं शर्टाचं काय एवढं.

कस्तुराबाई : उद्या सकाळी हैदराबादच्या गाडीनं ती चौकात उतरनार. पयल्यांदा काय बगनार? आपल्या तोंडाची दुसरीच पोरगी.

शांतलिंग : पन अक्का, लाल का? मला बी कळलं न्हाय.

कस्तुराबाई : मला तरी कुठं कळलं होतं. पयली मॅच मोबाईलवर बगितली, व्हिएतनामसंगं होती. सगळ्या निळ्या, ही एकटी लाल. मला वाटलं, ताग्यातलं कापड सरलं आसंल आन् खेड्यातली म्हनून आमच्या पोरीच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. दोन दिस जेवन गोड लागलं न्हाय. मग तिला फोनवर इचारलं, तर ती हसाय लागली. म्हनली, आई, ते मुद्दाम असतंय. लिबेरो म्हनत्यात.

शांतलिंग : म्हंजे?

कस्तुराबाई : बॉल भुईला टेकू द्यायचा न्हाय, एवढंच काम. पलीकडनं हानलेला बॉल हिनं आडवं पडून उचलायचा, मारायचा दुसरीनं. पंचाला लांबनं वळखू यावी म्हनून रंग येगळा.

शांतलिंग : मग पॉइंट कुनाचा?

कस्तुराबाई : मारनारीचा. आमचीच्या नावावर अख्ख्या स्पर्धेत भोपळा. आता तू हितं काय लिवलंयस ते वाचून दाखव.

शांतलिंग : ‘आंतरराष्ट्रीय महिला व्हॉलीबॉल स्पर्धेत भारतास तिसरा क्रमांक मिळवून देणारी, सर्वाधिक गुणांची मानकरी, रणरागिणी कु. हर्षाली बिभीषण बिराजदार.’ हे बी आण्णांनीच सांगितलं.

कस्तुराबाई : मुंडकी किती हायेत यावर?

शांतलिंग : तेवीस. हर्षाली धरून चोवीस.

कस्तुराबाई : तिला धरलीस, उपकार झाले. माचिसएवढी दिसती. आन् हे डेअरीचे चेअरमन कल्याणप्पा तिच्या तिप्पट.

शांतलिंग : शुभेच्छुक हायेत न्हवं ते.

कस्तुराबाई : व्हय का. मग काय शुभेच्छा दिल्या ते बी लिही. फोटोखाली जागा हाय न्हवं? घे. कल्याणप्पा : ‘पोरगी हाय का शिंगरू, दिवसभर उड्या मारती.’

शांतलिंग : असं म्हनले ते?

कस्तुराबाई : डेअरीच्या ओट्यावर, चार मानसांत. माझ्या हातात किटली होती. म्होरं लिही. बलभीम गुरुजी : ‘जाळी पोरांसाठी हाय, पोरींनी लंगडी खेळावी.’ जाळी कपाटात घातली आन् चावी खिशात घेऊन वरीसभर हिंडले. यात्रा कमिटीचे योगीराज : ‘अर्ध्या चड्डीवरच्या पोरीला सत्काराला पुढं उभी करू नका.’ ती तालुक्याचा कप घेऊन आली होती त्या वक्ताला.

शांतलिंग : तुमाला सगळं ध्यानात हाय, अक्का.

कस्तुराबाई : शाळा शिकले न्हाय न्हवं. ज्याला लिवून ठेवता येत न्हाय त्याला ध्यानात ठेवावं लागतंय.

शांतलिंग : तेवीसच्या तेवीस सांगनार?

कस्तुराबाई : चौघं काय बोलले न्हायीत. तेंच्या खाली ‘गप बसले’ लिही. आण्णांचं तेवढं रिकामं ठेव, त्यांना तोंडावर सांगते. बाकी अठरा जनांचं घे लिवून. तुझ्या दुकानात आज गिऱ्हाईक दिसत न्हाय.

शांतलिंग : लिवतो. पन प्रूफ आदी शुभेच्छुकांच्या ग्रुपवर टाकल्याबिगर छापायचं न्हाय, असा आण्णांचा हुकूम हाय.

कस्तुराबाई : मग टाक की. थोरल्या मानसाचा हुकूम मोडू नये.

(तासाभरानं. शांतलिंगचा फोन वाजून वाजून टेबलाच्या कडेला सरकला आहे. आण्णासाहेब आत येतात.)

आण्णासाहेब : शांतलिंग, हा काय प्रकार आहे?

शांतलिंग : प्रूफ हाय आण्णा. तुमीच ग्रुपवर टाकायला सांगितलं होतं.

आण्णासाहेब : कल्याणप्पा म्हणतो, माझा फोटो काढा. बलभीम गुरुजी म्हणतात, प्रकृती बरी नाही. प्रकृतीचा आणि फोटोचा काय संबंध?

शांतलिंग : अठरा जन बॅनरवरनं निघाले आण्णा. गप बसलेले चौघं ऱ्हायला तयार हायेत. फकस्त ‘गप बसले’च्या जागी ‘मौन पाळले’ करा म्हनत्यात.

कस्तुराबाई : पानी देऊ का आण्णा? लई घाईनं आलाव.

आण्णासाहेब : कस्तुराबाई, तुम्ही माझ्या धाकट्या भावाची बायको. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणताना एकदा मला विचारायचं तरी.

कस्तुराबाई : बॅनर चव्हाट्यावरच लागतंय न्हवं. आन् इचारलं तर तुमी बी न्हाय, पोरीचा रंग बदलताना.

आण्णासाहेब : का बदलला? पारावर काय बोलणं चाललंय ठाऊक आहे? बिराजदारांची पोरगी तिथं लिंबूटिंबू म्हणून खेळवली, असं म्हणतात. धाकट्याला खेळात घेतात, आउट झाला तरी धरत नाहीत, तसली. रंग वेगळा, पॉइंट शून्य, मनाला येईल तेव्हा आत, मनाला येईल तेव्हा बाहेर. तुम्हीच सांगा, लिंबूटिंबू नाही तर काय म्हणायचं? मला जिल्हा परिषदेला उभं राहायचं आहे. लोक तोंडावर हसतील.

कस्तुराबाई : लिंबूटिंबू चुकला तर कुनी मोजत न्हाय. ही चुकली की पॉइंट सरळ पलीकडं. तिसऱ्या नंबराची मॅच बगितलीत का तुमी?

आण्णासाहेब : मीटिंग होती.

कस्तुराबाई : सवडीनं बगा. शेवटाला बॉल पार भायेर, बाकड्यांकडं चालला होता. बाकीच्या पोरींनी सोडून दिला, नुसत्या बगत उभ्या. ही पळत गेली, कडंच्या जाहिरातीच्या फळीवर आपटली आन् एका हातानं माघारी ढकलला. मग त्या उंच पोरीनं मारला. पॉइंट उंच पोरीचाच, तसंच लागलं बोर्डावर. पन मॅच जिकल्यावर ती पयल्यांदा कुनाच्या गळ्यात पडली ते बगा. गर्दीत तोंड दिसत न्हाय. शर्ट दिसतोय.

शांतलिंग : म्या बगितलंय आण्णा, आत्ताच. लालच हाय.

आण्णासाहेब : तुला कुणी विचारलं? … माझ्या फोटोखाली काय लिहायचं ठरवलंय?

कस्तुराबाई : ‘पोरगी खेळायला गेली तर तिच्या आईनं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय.’

आण्णासाहेब : ते रागाच्या भरात.

कस्तुराबाई : रागातच आसंल. सहा वरसं झाली. म्या ठेवला न्हाय. तुमच्या राजेश्वरीच्या लग्नात मांडवाच्या भायेर, गाड्या लावल्या होत्या तिथं बसून जेवले.

आण्णासाहेब : बिभीषण म्हणाला, तुमच्या पोटात दुखत होतं.

कस्तुराबाई : तसं सांगा म्हनून म्याच शिकवलं होतं. मुलीचं लग्न, तुमची फजिती कशाला.

शांतलिंग : आण्णा, बसा. खुर्ची घ्या.

आण्णासाहेब : बसत नाही. … माझा फोटो काढ. त्या चौघांचेही काढ, मौन घरी पाळा म्हणावं. गुण-बिण पुसून टाक. शर्ट लाल कर.

शांतलिंग : आन् चौकातली जागा? परवानगी तुमच्या नावावर हाय.

आण्णासाहेब : जागा राहील. पोरगी मोठी कर, आता सगळं बॅनर रिकामंच आहे. पण कस्तुराबाई, हिशेब अर्धा झाला. तुमचं राहिलं.

कस्तुराबाई : माझं काय?

आण्णासाहेब : पोरगी पहिल्यांदा खेळून आली, कोपरं सोललेली, तेव्हा तुम्ही काय बोललात? मी तुमच्या ओसरीवर होतो. मला लिहिता येतं, तरी काही काही ध्यानात राहतं.

शांतलिंग : काय म्हनल्या होत्या?

आण्णासाहेब : त्यांनाच सांगू दे.

कस्तुराबाई : … म्हनले होते. ‘पडत जाऊ नको. गुडघ्याला वन ऱ्हायले तर कोन करून घेईल तुला.’ म्हनले होते, व्हय.

शांतलिंग : ऱ्हाऊ द्या अक्का. सगळेच निघाले, तुमचं कशाला.

कस्तुराबाई : मी निघत न्हाय. लिही. मोठ्या अक्षरात, तिच्या फोटोखाली. पयलं तेवढं घे, गुडघ्याचं नको. आन् खाली ‘आई’ लाव.

शांतलिंग : ‘पडत जाऊ नको. आई.’ लोकांना आशीर्वाद वाटंल की वो.

कस्तुराबाई : लोकांना वाटू दे. तिला बरूबर कळंल.