दाबून धरलेला सूर

हॅलो? काका? हां, मीच… येतंय ना ऐकू? थिएटरच्या मागच्या खोलीत आहे, इथे रेंजची बोंब.

कीबोर्ड पुन्हा रुसलाय! तेच, आफ्टरटच… हो, हो, तुम्ही तीनदा उघडलात, माहितीय! काय उपयोग झाला? शेवटच्या प्रवेशात बाबा पट्टी दाबून धरतात, वरून आणखी जोर देतात, तिथे सूर फुगायला हवा. आई मुलाला जाताना बघते, कुणी शब्द बोलत नाही, सगळं त्या एका सुरावर! आणि तो ढिम्म हलत नाही.

चिडू नको काय? दिग्दर्शक म्हणाले, साडेपाचच्या तालमीत जमलं नाही तर रेकॉर्ड केलेलं वाजवू. म्हणजे बाबा घरी! बावीस वर्षं वाजवलंय त्यांनी इथे… आत्ता पाच वाजून दहा झालेत.

बाबा? पाणी प्यायला गेलेत. तणतणत.

बोला… लॅपटॉप जोडलाय. हो, जोराचे आकडे दिसतायत. मघाशी बाबा दाबत होते तेव्हा चाळीसच्या वर जात नव्हते. एकशेसत्तावीसपर्यंत जायला हवेत ना? … म्हणजे आतला सेन्सरच गेला. तुम्ही साफ करताना…

मी? मी दाबू? अहो, दुसऱ्या कुणी हात लावलेला खपतो का त्यांना? मी आपली साउंडच्या टेबलाशी… बरं, बरं! दाबते.

कुठलीही? … धरली. आता जोर… साठ… नव्वद…

काका.

एकशेवीस.

थांबा, दुसरी बघते… एकशेअठरा. करंगळीने! करंगळीने दाबली मी!

मग बाबांना का नाही…

…

कधीपासून?

तीन महिने? आणि तुम्ही तीनदा कीबोर्ड उघडून करत काय होतात? … चहा पीत बसलात? दोघं? कमाल आहे तुमची! … शपथ घातली. हो, घालतीलच ते. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. आणि डॉक्टर? … हळूहळू येईल बोटांत ताकद. हळूहळू म्हणजे किती हळू, काका?

म्हणून तो रबरी चेंडू! सदा खिशात. विचारलं तर म्हणाले, रस्त्यात सापडला.

नाही, रडत नाहीये. मला इतका राग आलाय, आणि कुणावर काढू तेच कळत नाही… बोला तुम्ही. सेटिंग? हां, सापडलं. हलकं, मध्यम, जड. मध्यमवर आहे… हलक्यावर टाकलं की थोड्या जोरानेही सूर पुरा फुगेल? अहो, मग आधीच का नाही केलंत? … त्यांनीच नको म्हटलं. हाताला जोर परत येईल म्हणाले.

मी करतेय. त्यांना विचारत बसत नाही. … झालं. सेव्ह केलं.

काका, ते आलेत. दारात उभे आहेत. माझा हात पट्टीवरच आहे अजून…

हो का, काका! सेटिंगच चुकलं होतं म्हणता? छे, छे, बाबांचा काय दोष! मशीनच दगाबाज! … बाबा, या ना, बसा. काका म्हणतायत, एकदा वाजवून बघा.

थांबा, फोन तिकडे धरते.

…

ऐकलंत? पुरा आला. पुरा!

पट्टी अजून दाबूनच धरलीय त्यांनी. माझ्याकडे बघतही नाहीयेत… काय बाबा? काही नाही हो, एवढंच म्हणाले काका. सेटिंग.

ठेवते काका, तालमीला बोलावतायत आम्हाला… बाबा, चेंडू पडला बघा तुमचा, खुर्चीखाली. घ्या. राहू दे खिशात.